जुन्या वाड्यात इन्स्टॉलेशन करायचंय? आधी त्याच्या दुरुस्त्या वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की तालुक्याच्या गावी दगड-विटांचा दोन चौकी वाडा आहे, आधी सरदार घराण्याचा, मग इंग्रजी अमलात मामलेदार कचेरी, स्वातंत्र्यानंतर मराठी शाळा आणि गेली नऊ-दहा वर्षं कुलूप. नोव्हेंबरात 19 ते 25 जागतिक वारसा सप्ताह असतो, त्यासाठी नगरपरिषद दीड लाख देतेय आणि तुम्ही विचारताय की वाड्याचा बदलत गेलेला वापर आणि त्याची देखभाल या विषयावर इन्स्टॉलेशन, म्हणजे जागेतच मांडलेली कलाकृती, करायचं तर दर्शनी भिंतीवर प्रोजेक्शन मॅपिंग, म्हणजे भिंतीच्या आकारावर बेतलेली चित्रफीत, करू का जुन्या वस्तू गोळा करून एकेक खोली एकेका काळासारखी सजवू, आणि वास्तूला धक्का न लावता हे कसं करू.

मी बावीस वर्षं जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतेय, त्यातली निम्मी वर्षं वाडे, कचेऱ्या आणि शाळांमध्येच गेली. कलाकारांसोबत चार-पाच वेळा काम केलंय. त्यावरून सांगते.

तुमची खरी अडचण प्रोजेक्शन की वस्तू ही नाहीये. एका खोलीत पगडीवाला पुतळा, दुसरीत साहेबाचं टेबल, तिसरीत फळा आणि खडू असं मांडलंत की वाड्याने तीन वेळा कपडे बदलले एवढंच लोकांना दिसणार. वाडा उभा कोणी ठेवला, कशाने ठेवला, आणि शेवटी कुलूप का लागलं हे त्यात कुठेच येणार नाही, आणि तुमच्या विषयात "देखभाल" हा शब्द तर तुम्हीच घातलाय. माझा अनुभव असा की वापर बदलला की इमारतीची काळजी घेणारा माणूस बदलतो, माणूस बदलला की दुरुस्तीची पद्धत बदलते, आणि ती दुरुस्ती भिंतीवर राहते. वाड्याचा सगळा इतिहास त्याच्या डागडुजीत लिहिलेला असतो. तो वाचायला शिका, मग इन्स्टॉलेशनला वेगळी गोष्ट शोधावी लागत नाही.

म्हणजे काय ते एका जागेवरून सांगते. एका जुन्या कचेरीत, जी नंतर शाळाच झाली होती, मी जिन्याखालच्या भिंतीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा धरून सर्जिकल ब्लेडने रंग उतरवत गेले. सगळ्यात वर पोपटी ऑइल पेंट, जाड, नखाने सोलता येईल असा. त्याखाली फिकट गुलाबी डिस्टेंपर. त्याखाली निळ घातलेला चुना आणि त्याखाली नुसता पांढरा चुना, थरावर थर, कांद्याच्या पापुद्र्यासारखे, भिंगाखाली मोजले तर तीसच्या वर भरले. मधेच एक थर काळसर होता, कंदिलाची काजळी. सगळ्यात खाली गेरूचा पट्टा आणि घोटून चकचकीत केलेला मूळ चुन्याचा गिलावा, इतका गुळगुळीत की बोट फिरवत राहावंसं वाटतं. तिथल्या एका निवृत्त शिपाईकाकांना ती जागा दाखवली तर ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, यातले दहा-बारा हात माझे आहेत, दर दिवाळीआधी आम्हीच चुना मारायचो. मला तरी त्या वास्तूबद्दल त्यापेक्षा जास्त सांगणारी दुसरी वस्तू सापडली नाही. ती जागा तशीच ठेवून तिच्यावर एक छोटा दिवा आणि शेजारी भिंग एवढंच ठेवलं असतं तरी अर्धं इन्स्टॉलेशन झालं असतं. फक्त हे खरवडणं आपलं आपण करू नका, जतनाचं काम येणाऱ्या माणसाकडून करून घ्या, एकाच जागी आणि लोकांचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात.

तुमच्या वाड्यात काय बघायचं ते सांगते. आधी छप्पर. मूळ माळवद असणार, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, तुळया, सर, वर किलच्या म्हणजे लाकडी चिपा आणि त्यावर पांढरी माती. ती माती दर पावसाळ्याआधी नवी टाकावी लागते, नाही टाकली तर गळतं, म्हणून घरात माणसं आणि हाताखाली गडी असेपर्यंतच माळवद टिकतं. कचेरी आल्यावर ते कोण करणार, मग बऱ्याच ठिकाणी माळवदावर मंगलोरी कौलांचं छप्पर चढलं. तुमच्याकडे तसं असेल तर एखादं सुटं झालेलं कौल उलटं करून बघा, पोटाशी कारखान्याचं नाव छापलेलं असतं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, त्यामुळे छप्पर त्यानंतरचं एवढं तर लगेच कळतं. मग भिंतीच्या दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, बघा. मूळ दरजा चुन्याच्या, चुना आणि वाळू किंवा सुरखी म्हणजे विटांची पूड, चुन्याच्या घाणीत म्हणजे दगडी चाकाखाली मळून, कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर घालून केलेल्या. आणि जिथे करड्या रंगाच्या, कडक, फुगीर रेघा दगडांच्या सांध्यावरून फिरवलेल्या दिसतील ते सिमेंट, बहुतेक शाळेच्या काळातलं.

सिमेंटचं थोडं सविस्तर सांगते कारण देखभाल विषय घेतलात तर हा मुद्दा कुठल्या ना कुठल्या रूपात यायलाच हवा. दगडी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. चुन्याच्या दरजांमधून ते पाणी वाफ होऊन निघून जातं, भिंत श्वास घेते असं आमचे गवंडी म्हणतात ते हेच. दरजेवर सिमेंट बसलं की ती वाट बंद. मग पाणी आणखी वर चढतं, विटेत नाहीतर दगडात शिरतं, सोबत क्षार नेतं, ते क्षार पृष्ठभागामागे साठून फुगतात आणि गिलाव्याला पोपडे येतात, वीट भुसभुशीत होऊन हाताला पीठ लागतं, यालाच लोणा लागणे म्हणतात. म्हणजे ज्या मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीकडे खेटे घालून थोडंफार अनुदान मिळवून सिमेंटचा गिलावा करून घेतला त्यांनी मनापासून शाळेची काळजीच घेतली, आणि त्याच काळजीने भिंत पोखरली. यात मला कुणाला दोष द्यायचा नाहीये. चुना भिजवणारे गवंडी तोवर गावातून गेले होते आणि सरकारी दरपत्रकात जे होतं तेच मिळत होतं. पण वापर बदलला की देखभाल कशी बदलते हे दाखवायला ही एक भिंत पुरते, डाव्या हाताला चुन्याची दरज, उजव्या हाताला सिमेंट, आणि दोन्हीच्या खाली काय झालंय ते.

आता कागद. कचेरी होती म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याची मोजमाप पुस्तकं असणार, सगळे एमबी म्हणतात ती. किती ब्रास दगड, किती चौरस फूट सफेदी, कुठल्या खोलीची कौलं बदलली, सगळं त्यात हाताने लिहिलेलं असतं. शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, मागा. त्यात बाकं, घंटा, फळे, पाण्याचा पिंप, आणि शेवटच्या रकान्यात "मोडकळीस", "निर्लेखित" (नोंदीतून काढून टाकलं) असे शेरे. एक रजिस्टर मी बघितलंय ज्यात शेवटची दोन पानं नुसते निर्लेखित शेरेच होते, तारखा जवळ जवळ येत गेलेल्या. शाळा बंद पडत जाणं इतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही. घराण्याकडे मोडी कागद असतील तर मोडी वाचणारा माणूस गाठा, खर्चाच्या यादीत माळवदाची माती आणि गवंड्याची मजुरी हमखास सापडते. मूळ कागद मांडू नका, फोटो घ्या, प्रिंट काढा, कागद परत करा. तहसीलच्या रेकॉर्ड रूमसाठी अर्ज आत्ताच टाका, वेळ लागतो.

बाहेर हे कसं केलं गेलंय त्याची दोन उदाहरणं देते, ज्यांच्याकडून मी स्वतः शिकले.

पहिलं मुंबईचं, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1862 ला पायाभरणी, 1872 ला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलं, 1975 ला भाऊ दाजींचं नाव दिलं. साहेबाच्या राज्यातल्या कारागिरीचं प्रदर्शन म्हणून बांधलेली वास्तू हळूहळू शहराच्या आठवणींचं घर झाली, आणि मधल्या काळात फार वाईट अवस्थेत गेली. 2003 पासून महापालिका, इन्टॅक ही वारसा जतनाची संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून जीर्णोद्धार केला, 2005 ला वारसा जतनासाठीचं युनेस्कोचं आशिया-पॅसिफिक पारितोषिक मिळालं आणि 2008 ला लोकांसाठी पुन्हा उघडलं. त्यानंतर 2011 मध्ये कलाकार जितीश कल्लाट यांनी तिथे केलेल्या प्रदर्शनात "सर्का" नावाचं काम होतं. 120 भागांचं, बांबूच्या परांचीसारखं दिसणारं पण प्रत्यक्षात रेझिन आणि स्टीलमध्ये घडवलेलं, दोरीने बांधलेलं. सोन्याचा मुलामा दिलेल्या, नुकत्याच नव्या झालेल्या त्या दालनात परांची उभी. ज्याने जीर्णोद्धार चालू असताना ती जागा पाहिली असेल त्याला वाटणार काम अजून संपलंच नाही, आणि मुंबईत राहणाऱ्या कुणालाही परांची म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, एक तर काहीतरी उभं राहतंय नाहीतर काहीतरी पडू नये म्हणून धरून ठेवलंय. मला त्यातलं पटलं ते हे की देखभालीवर बोलायला त्यांनी देखभालीचंच अवजार घेतलं.

दुसरं लंडनचं. वेस्टमिन्स्टर हॉल, 1097 चा, ब्रिटिश पार्लमेंटच्या आवारातला. राज्याभिषेकाच्या मेजवान्या तिथे झाल्या, शेकडो वर्षं न्यायालयं तिथे भरली, 1649 ला राजा पहिला चार्ल्स याच्यावर खटला तिथेच चालला, आणि आता लोक तिथून ये-जा करतात, कधी राजघराण्यातल्या कुणाचं पार्थिव दर्शनाला ठेवतात. 2016 मध्ये होर्हे ओतेरो-पायलोस या कलाकाराने, जो स्वतः जतनाच्या क्षेत्रातला आहे, तिथल्या पूर्वेकडच्या दगडी भिंतीवर द्रवरूप लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, लावलं, वाळू दिलं आणि सोलून काढलं. भिंत साफ झाली आणि शतकानुशतकांची धूळ, काजळी, कोळशाचा धूर लॅटेक्सच्या पातळ पडद्याला चिकटून आला. तो सुमारे 50 मीटर लांबीचा पडदा त्याच हॉलमध्ये भिंतीला समांतर टांगला, मागून प्रकाश. आपण जे पुसून फेकून देतो तेच लोकांनी थांबून बघितलं. साफसफाई आणि कलाकृती एकच होती, वेगळी वस्तू नाही.

हे वाचून तुम्हाला लॅटेक्स लावावंसं वाटेल, तर स्पष्ट सांगते, लावू नका. तिथे भक्कम घडीव दगड होता आणि मागे तज्ज्ञांची चाचणी होती. तुमच्या भिंतीवर चुन्याचे थर आहेत, लॅटेक्स सोलताना ते सगळे थर घेऊन येईल, म्हणजे जो इतिहास दाखवायचाय तोच उपटून हातात. तसंच 2016 च्या कोची बिएनाले या कलाप्रदर्शनात चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी ॲस्पिनवॉल हाऊसच्या गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं आणि लोक त्या पाण्यातून चालत पलीकडच्या भिंतीवरची कविता वाचायला जायचे. 1867 च्या व्यापारी कंपनीचं किनाऱ्यावरचं ते गोदाम, समुद्राच्या कडेनेच त्याचं आयुष्य गेलेलं, तिथे ते शोभलं. तुमच्या चौकात पाणी साठवलंत तर जोत्याला ओल चढेल. दुसऱ्याची कल्पना घेताना त्याची भिंत कशाची होती ते आधी विचारायचं.

माझा सल्ला असा, तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं तो. बाहेरच्या चौकात बांबूची खरी परांची, गावातल्याच गवंड्यांकडून बांधून घेतलेली, स्वतःच्या पायावर उभी, भिंतीला कुठेही न टेकणारी, पायांखाली गोणपाटाच्या घड्या आणि तळाशी वाळूच्या पिशव्या वजनाला. आणि त्या परांचीवर आठवडाभर खरंच काम चालू ठेवलं असतं, दहा-बारा फूट रुंदीच्या एकाच पट्ट्यात सिमेंटच्या दरजा हलक्या हाताने काढून चुन्याच्या भरणं, लोकांसमोर, विचारतील त्यांना गवंडी सांगतोय काय करतोय ते. चुना महिनाभर आधी भिजत घालावा लागतो, तो खड्डा नाहीतर पिंप पण तिथेच दिसू दे, घट्ट लोण्यासारखा झालेला चुना लोकांनी कधी बघितलेलाच नसतो. आतल्या सोप्यात एमबीची आणि डेडस्टॉकची पानं, सुट्या लाकडी चौकटींवर, जमिनीवर उभी केलेली. आणि कोनाड्यांमध्ये, देवळ्यांमध्ये छोटे स्पीकर, प्रत्येकातून एक आवाज, ज्याने चुना मारला तो शिपाई, ज्या बाई रोज वर्ग झाडायच्या आणि शनिवारी अंगण सारवायच्या त्या, घराण्यातली एखादी आजी जिला माळवदावर माती टाकताना बघितलेलं आठवतंय. आवाज बारीक ठेवा, कान जवळ न्यावा लागेल एवढा. या बायका-माणसांची नावं कुठल्याही शिलालेखावर नसतात पण वाडा त्यांच्याच हातांनी उभा राहिलाय. त्यांना मानधन द्या, आणि उद्घाटनाला पुढच्या रांगेत बसवा.

प्रोजेक्शनला माझा ठाम विरोध नाही. प्रकाश भिंतीला ओरखडा काढत नाही. पण दीड लाखात भाड्याचा प्रोजेक्टर, जनरेटर, एडिटिंग यातच पैसे संपतात आणि आठव्या दिवशी वाडा होता तसाच गळका. मी कमीत कमी साठ हजार दुरुस्तीला काढून ठेवले असते, फुटकी कौलं बदलणं, पन्हळी साफ करणं, भिंतीतून उगवलेली पिंपळाची रोपं नीट काढणं, आणि हा खर्च इन्स्टॉलेशनचाच भाग म्हणून फलकावर लिहिला असता, कौल किती, मजुरी किती, एमबीत लिहितात तशाच ओळींमध्ये.

आता वास्तूला धक्का न लावता करण्याबद्दल, कारण तुमचा प्रश्न मुळात तोही होता. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे. वाडा केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत असेल तर नगरपरिषदेची परवानगी पुरत नाही, पुरातत्त्व खात्याची लेखी लागते, अगदी दरज भरायलाही. केंद्र संरक्षित असेल तर प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 ला झालेल्या दुरुस्तीमुळे स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र धरतात. यादीत नसेल तरी मालकी कुणाची, जिल्हा परिषदेची की नगरपरिषदेची, हे कागदावर बघून घ्या, शाळांच्या इमारतींत हा घोळ फार असतो.

मग वरचा मजला. पंधरा माणसं म्हणजे साधारण एक टन. तुळई मधे कितीही धडधाकट दिसली तरी तिचं टोक भिंतीत शिरतं तिथे ती आधी कुजते, कारण ओल तिथे असते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोकापाशी दाबून बघा, आत गेला की वर कुणालाही सोडायचं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय मी वरचा मजला उघडलाच नसता. लोकांना वर नेलं नाही म्हणून काही बिघडत नाही, जिन्यापाशी दोरी बांधा आणि का बांधली ते पाटीवर लिहा, तीही देखभालीचीच गोष्ट आहे.

आणि नोव्हेंबर. भिंत हाताला कोरडी लागेल पण पावसाळ्याचं पाणी जाड भिंतीतून पूर्ण निघायला आणखी महिना-दोन महिने लागतात, त्यात वाडा बंद, हवा खेळत नाही. अशा भिंतीला डबल टेप लावली की निघताना पापुद्रा घेऊनच येते. एका कार्यक्रमात माझ्या डोळ्यांसमोर असं झालंय, फ्लेक्सचे बॅनर काढले आणि त्यामागचा निळ्या चुन्याचा हातभर तुकडा बॅनरबरोबर गेला, पाठीमागे गेरूने काढलेली वेलबुट्टी दोन मिनिटं दिसली आणि हात लावताच भुगा झाली. तिचा धड फोटोही निघाला नाही. म्हणून खिळा नाही, टेप नाही, ड्रिल तर अजिबात नाही, जुन्या खुंट्या आणि पाळण्याच्या कड्या यांवरही वजन टाकायचं नाही. सगळं जमिनीवर उभं. हॅलोजन नको, एलईडी घ्या आणि भिंतीपासून लांब ठेवा. वायरी दरवाजातून आणा, लाकडावरून लोंबकळत नको, आणि आग विझवायचं सिलिंडर चौकात दिसेल असं ठेवा, सागवान शंभर-दीडशे वर्षं वाळलेलं आहे.

एवढं सगळं लांबलं, तर क्रम सांगते. या आठवड्यात मालकी, परवानगी आणि इंजिनिअर. सप्टेंबरात भिंती आणि कागद वाचणं, माणसांना भेटून आवाज रेकॉर्ड करणं. चुना ऑक्टोबरच्या सुरुवातीला भिजत घाला. कौलांवर चढायचं ते पाऊस पूर्ण थांबल्यावरच, शेवाळलेल्या कौलांवरून माणूस घसरतो. सप्ताह संपल्यावर परांची सोडायच्या आधी वाड्याचे पुन्हा फोटो काढा, पहिल्या दिवशीच्या फोटोंशी ताडून बघा, आणि दोन्ही संच नगरपरिषदेच्या फाईलला लावा.

तुम्ही टाकलेल्या फोटोत दक्षिणेकडच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर पांढरट पट्टा दिसतोय. तो लोणा लागल्याचा आहे का बुरशीचा हे फोटोवरून सांगता येत नाही, जवळून उजेडात एक फोटो टाका, आणि बोट फिरवल्यावर पीठ लागतं का तेही सांगा. त्यावर दरजांचा पट्टा कुठे घ्यायचा ते ठरेल. आणि चुन्याचं काम येणारा गवंडी आत्तापासून धरून ठेवा, ऐन दिवाळीच्या सुमाराला चांगला माणूस मिळत नाही.